उशाजवळचे स्पंद: घरातील उच्च वारंवारतेच्या प्रारणाचा उगम शोधण्याचे एक प्रकरण

बहुमजली इमारतीतील सहाव्या मजल्यावरची एक सदनिका हा या अभ्यासाचा विषय आहे. घरात पती, पत्नी आणि शाळकरी मुलगी असे तिघे राहतात. शयनकक्षाची खिडकी ज्या दिशेला उघडते, त्या दिशेला सुमारे सत्तर मीटरांवरच्या दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल सेवेचा मनोरा आहे आणि त्यावरची पॅनेले खिडकीतून स्पष्ट दिसतात. बरेच महिने पत्नींना शांत झोप लागत नव्हती. त्यांनी हातात धरून वापरायचा एक मीटर मागवला आणि तो उशाजवळ धरताच पडदा लाल झाला. मनोरा समोर दिसत होता, मीटर लाल होता आणि झोप लागत नव्हती, त्यामुळे या तिन्ही गोष्टींची साखळी घरातल्यांच्या मनात जुळून गेली. खिडकीला धातूमिश्रित धाग्यांचा रोधक पडदा लावायचा आणि भिंतींना कार्बनयुक्त रंग द्यायचा, असा निर्णय जवळजवळ झाला होता. तो अमलात आणण्यापूर्वी रीतसर मोजणी करून घ्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

येथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते: प्रारण, म्हणजे रेडिएशन, किती आहे, ते कोठून येत आहे आणि त्यापासून अपाय होतो का. पहिले दोन प्रश्न मीटरच्या आवाक्यातले आहेत, तिसरा नाही. तरीही प्रत्यक्षात बहुतेक लोक तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच आकड्यात शोधतात आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळतही नाहीत, कारण उगम कोणता हे त्यांनी आधीच ठरवलेले असते.

मीटर नेमके काय दाखवत होता

कुटुंबाच्या मीटरवर उशाजवळ १४ हा आकडा दिसत होता. एकक होते मिलिवॉट प्रति चौरस मीटर, म्हणजे शक्ती घनतेचे. पुढे जेथे आकड्यासोबत एकक दिलेले नाही, तेथे हेच एकक समजावे. काही मीटर हीच गोष्ट मायक्रोवॉटमध्ये दाखवतात आणि मग १४ चे १४,००० होतात, तर काही मीटर व्होल्ट प्रति मीटरमध्ये क्षेत्र तीव्रता दाखवतात आणि तेव्हा तोच आकडा सुमारे २.३ इतका साधा दिसतो. या दोन राशींमधले नाते असे, की क्षेत्र तीव्रतेच्या वर्गाला ३७७ ने भागले की वॉट प्रति चौरस मीटर मिळतात. तीव्रता दुप्पट झाली की शक्ती घनता चौपट होते, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे दोन मीटरांची तुलना करताना पुष्कळ गोंधळ होतो.

याहून महत्त्वाची बाब अशी, की १४ हे शिखर मूल्य होते. वायफाय, कॉर्डलेस फोन, ब्लूटूथ ही उपकरणे अखंड प्रसारण करत नाहीत. ती फार थोडा वेळ प्रसारण करतात आणि मग गप्प राहतात. मीटर शिखर मूल्य दाखवत असेल, तर तो त्या क्षणिक स्पंदाची उंची दाखवतो, आणि सरासरी दाखवत असेल, तर मधली शांतताही हिशेबात धरतो. एकाच उगमासाठी या दोन आकड्यांत शंभर पटींचा फरक पडू शकतो. कोणता आकडा खरा, हा प्रश्नच गैरलागू आहे. उगम ओळखण्यासाठी शिखर मूल्य अधिक उपयोगी पडते आणि प्रचलित आरोग्यविषयक मर्यादांशी तुलना करायची तर सरासरीच लागते. कुटुंबाच्या मीटरच्या माहितीपत्रकात हा भेद कोठेही स्पष्ट केलेला नव्हता, मात्र लाल रंगाची सीमा छापलेली होती.

त्या लाल सीमेचा उगमही पाहण्यासारखा आहे. आयनीभवन न करणाऱ्या प्रारणापासून संरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे इक्‌निर्पने, २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसामान्य नागरिकांसाठी संपूर्ण शरीरावरील शक्ती घनतेची संदर्भ पातळी २ गिगाहर्ट्‌झच्या वर १० वॉट प्रति चौरस मीटर, म्हणजे आपल्या एककात १०,००० आहे, आणि ती ३० मिनिटांच्या सरासरीवर लागू होते. ४०० ते २,००० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती वारंवारतेनुसार बदलते. ९०० मेगाहर्ट्‌झला ४,५०० आणि १,९०० मेगाहर्ट्‌झला ९,५०० येते. दुसरीकडे, राहत्या घरांचा आरोग्याच्या दृष्टीने विचार करणाऱ्या जर्मनीतील बांधकाम-जीवशास्त्र चळवळीने २०१५ मध्ये झोपण्याच्या जागांसाठी दिलेल्या मूल्यांत १ मिलिवॉट प्रति चौरस मीटरच्या वरचे शिखर मूल्य ‘अतितीव्र’ गटात टाकले आहे. पहिल्या पातळ्या प्रस्थापित अपायांवर, मुख्यतः ऊती तापण्यावर, आधारलेल्या आहेत. दुसरी मूल्ये सावधगिरीच्या भूमिकेतून आली आहेत आणि त्यांना कायद्याचा आधार नाही. घरगुती वापराच्या अनेक मीटरांचे रंग दुसऱ्या मापाला जवळचे असतात. त्यामुळे एकच आकडा एका मापाने भडक लाल आणि दुसऱ्या मापाने नगण्य ठरतो, आणि ग्राहकाच्या हातात मात्र केवळ रंग पडतो.

मोजणीची पद्धत

सोबत तीन उपकरणे होती: तिन्ही दिशांचे क्षेत्र एकत्र मोजणारा विस्तृत पट्ट्याचा मीटर, लॉग-पीरिऑडिक अँटेना (ज्या दिशेला धरली तिकडचेच संकेत मुख्यतः टिपणारी) आणि ध्वनी निर्गम असलेला दिशादर्शक मीटर, आणि वारंवारतांनुसार संकेत वेगळे दाखवणारा हातातला वर्णपट विश्लेषक. या शेवटच्या उपकरणाशिवाय काम अडत नाही. पण येथे तेच निर्णायक ठरले.

मोजणी सुरू करण्यापूर्वी घरातले आणि माझे सर्व फोन फ्लाइट मोडवर टाकले, स्मार्ट घड्याळे काढून बंद केली. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मोजणाऱ्याच्या खिशातला फोन हा मीटरच्या सर्वांत जवळचा उगम असतो आणि तो आपल्या लहरीप्रमाणे मध्येच प्रसारण करतो. मीटर शरीरापासून दूर, हात लांब करून धरला. प्रत्येक जागी एकच बिंदू न मोजता सुमारे एक घनमीटर जागेत मीटर सावकाश फिरवला आणि कमाल तसेच सरासरी मूल्य नोंदवले, कारण बंद खोलीत लहरी भिंतींवरून परावर्तित होतात आणि हाताच्या वीतभर अंतरात मूल्य चार-पाच पटींनी बदलू शकते. अशा मीटरांची अनिश्चितता ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट किंवा निम्मे, इतकी असणे सामान्य आहे. कुटुंबाच्या मीटरचे १४ आणि आमच्या मीटरचे ११ यांत म्हणून काहीही विसंगती नव्हती.

उशाजवळच्या नोंदी अशा होत्या: शिखर मूल्य ११, सरासरी ०.१५. खिडकीच्या चौकटीत, काच उघडी ठेवून, सरासरी ०.४ आणि शिखर मूल्य ३ ते ४.

येथेच पहिली शंका यायला हवी. मनोरा हा मुख्य उगम असता, तर खिडकीपासून आत जाताना सर्वच मूल्ये उतरायला हवी होती. सरासरी उतरत होती, पण शिखर मूल्य उशाकडे जाताना जवळजवळ तिप्पट वाढत होते. खिडकीतला आणि उशाजवळचा उगम एकच नाही, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावरच दिसते. कुटुंबाने मोजले होते ते फक्त उशाजवळ, कारण त्रास तेथे होता, आणि पाहिले होते ते फक्त खिडकीबाहेर.

वजाबाकी

घरातले उगम वेगळे काढण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे मेन स्विच बंद करणे. तो बंद केला, तरी उशाजवळचे शिखर मूल्य ११ वरच राहिले. ‘बघा, आपल्या घरातले काही नाही, बाहेरचेच आहे,’ असे गृहस्थ म्हणाले, आणि त्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीवरून तो निष्कर्ष अगदी अवाजवी नव्हता. मात्र दोन गोष्टी तपासायच्या राहिल्या होत्या. घरातल्या राउटरला बॅटरी जोडलेली होती आणि वीज गेल्यावरही तो चालूच होता; ती बॅटरी वेगळी काढावी लागली. शिवाय लॅपटॉप, वायरलेस माउस, मुलीचे ब्लूटूथ हेडफोन अशी स्वतःची बॅटरी असलेली उपकरणे मेन स्विचला जुमानत नाहीत. ती सर्व बंद केल्यावरही उशाजवळ ११ कायम राहिले, तेव्हाच उगम या घराबाहेरचा आहे असे म्हणता आले. पण ‘घराबाहेरचा’ म्हणजे ‘मनोऱ्याचा’ असे होत नाही.

त्यानंतर ध्वनी ऐकला. स्पंदांच्या पुनरावृत्तीचा वेग मानवी कानाच्या टप्प्यात असतो, त्यामुळे संकेताचा चढउतार स्पीकरवर नेला की प्रत्येक तंत्रज्ञानाची चाल वेगळी ऐकू येते. राउटर आपल्या अस्तित्वाची घोषणा साधारण १०२ मिलिसेकंदांनी एकदा करतो, म्हणून रिकामा राउटर सेकंदाला दहाच्या आसपास टिकटिक करतो. जुन्या जीएसएम (२जी) फोनची गुरगुर २१७ हर्ट्‌झची असते. मायक्रोवेव्ह भट्टीचा मॅग्नेट्रॉन विद्युत पुरवठ्याच्या चालीवर, ५० किंवा ६० हर्ट्‌झने, घरघरतो. एलटीईच्या (४जी) मनोऱ्याचा आवाज जवळजवळ अखंड, खरखरीत सळसळीसारखा येतो. उशाजवळ ऐकू आली ती स्थिर, एकसुरी, सेकंदाला १०० स्पंदांची गुणगुण. ती मनोऱ्याची नव्हती. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या काही सदोष उपकरणांचाही आवाज १०० हर्ट्‌झच्या जवळ जातो, म्हणून ही शक्यता वगळण्यासाठी मेन स्विच बंद असताना पुन्हा ऐकले. गुणगुण तशीच होती.

सेकंदाला शंभर स्पंद ही डेक्ट पद्धतीच्या कॉर्डलेस फोनची खूण आहे. या पद्धतीत वेळ १० मिलिसेकंदांच्या चौकटींत विभागलेला असतो, प्रत्येक चौकटीत २४ खाचा असतात आणि फोनचे बेस स्टेशन प्रत्येक चौकटीत किमान एकदा प्रसारण करते, मग कोणी बोलत असो वा नसो. स्पंदाची शिखर शक्ती २५० मिलिवॉट असते. बोलणे चालू असताना एक स्पंद सुमारे ०.३७ मिलिसेकंद टिकतो, त्यामुळे सरासरी शक्ती १० मिलिवॉटच्या आत राहते. फोन नुसता ठेवलेला असताना स्पंद ०.१ मिलिसेकंदाहूनही आखूड होतो आणि सरासरी दोन-अडीच मिलिवॉटवर येते.

‘आमच्याकडे कॉर्डलेस फोन नाहीच,’ असे पत्नींनी ठामपणे सांगितले आणि ते खरेच होते. वर्णपट विश्लेषकावर मात्र १,८८० ते १,९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एक अरुंद संकेत ठसठशीत दिसत होता. त्याच्या लगेच खाली, १,८०५ ते १,८८० मेगाहर्ट्‌झमध्ये, मनोऱ्याच्या १,८०० पट्ट्यातले प्रसारण होते. अनेक देशांत हे दोन पट्टे असे एकमेकांना चिकटून आहेत. त्यामुळे विस्तृत पट्ट्याच्या मीटरला ते वेगळे करता येत नाहीत, आणि ज्या मीटरांवर वारंवारतेचा ढोबळ अंदाज दिसतो, तेही अशा वेळी ‘मोबाइल’ असेच सांगतात. कुटुंबाचा गैरसमज अज्ञानातून आलेला नव्हता. त्यांच्या उपकरणाने तोच निष्कर्ष पुढे केला होता.

भिंत की आरसा

दिशा ठरवणे हा या प्रकरणातला सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत शिकवणारा भाग होता. पलंगाच्या डोक्याकडची भिंत शेजारच्या सदनिकेशी सामाईक आहे. तिच्या समोर, पलंगाच्या पायथ्याशी, पूर्ण उंचीच्या आरशाचे कपाट आहे. पायथ्याशी उभे राहून अँटेना सामाईक भिंतीकडे धरली की मूल्य सर्वाधिक येत होते, पण ती वळवून आरशाकडे धरली तरी जवळजवळ निम्मे मूल्य मिळत होते. आरशाच्या मागचा धातूचा थर रेडिओ लहरींना परत फिरवतो, हे माहीत असले तरी मोजताना ते विसरायला होते. खिडकीतून येणाऱ्या लहरी आरशावर आदळून उशाकडे जात असतील, असा तर्क गृहस्थांनी मांडला. तो तपासून पाहण्याजोगा होता.

खरा उगम आणि परावर्तक यांत फरक करण्याची एक चांगली कसोटी म्हणजे हळूहळू जवळ जाणे. उगमाकडे सरकताना मूल्य एकंदरीत चढत जाते आणि अंतर निम्मे झाले की साधारण चौपट होते. परावर्तकाकडे सरकताना तसे होत नाही. येणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून स्थिर तरंगांचा नमुना तयार होतो आणि मूल्य ठरावीक अंतराने वरखाली होत राहते. १,९०० मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे १६ सेंटिमीटर आहे, म्हणून दोन शिखरांमधले अंतर तिच्या निम्मे, म्हणजे ८ सेंटिमीटर, यायला हवे. आरशासमोर मीटर मागेपुढे केल्यावर नेमका असाच चढउतार दिसला. भिंतीकडे जाताना मात्र चढण होती. अँटेना तिच्याच अक्षाभोवती ९० अंशांत फिरवूनही पाहिली, कारण संकेताचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरीतल्या विद्युत क्षेत्राच्या कंपनाची दिशा, आडवे असेल आणि अँटेना उभी धरली असेल तर प्रबळ उगमही दुबळा दिसतो. दोन्ही स्थितींत भिंतीचीच दिशा वरचढ ठरली.

मग भिंतीपासून १० सेंटिमीटरांवर मीटर धरून तिचा पृष्ठभाग पट्ट्यापट्ट्याने तपासला. पलंगाच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, मूल्य ४४ पर्यंत गेले. त्या बिंदूपासून ४० सेंटिमीटर मागे सरकल्यावर ते ११ झाले. चौपटीचा फरक म्हणजे अंतर दुप्पट झाले, आणि अंतर ४० सेंटिमीटर सरकल्याने दुप्पट झाले याचा अर्थ पहिला बिंदूच उगमापासून ४० सेंटिमीटरांवर होता. त्यातून मीटर आणि भिंतीमधले १० आणि भिंतीच्या जाडीचे सुमारे १२ सेंटिमीटर वजा केले, तर उगम पलीकडच्या बाजूला भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलेला असणार. परावर्तनांमुळे असा हिशेब ढोबळच असतो. तरीही आकड्यांची दुसरी पडताळणी जुळत होती: २५० मिलिवॉटचा उगम मोकळ्या जागेत ८० सेंटिमीटरांवर सुमारे ३१ इतके शिखर मूल्य देतो, आणि विटांची भिंत त्यातले सुमारे दोन-तृतीयांश गिळते असे धरले की ११ जवळपास येतात.

आणखी एक पुरावा रात्रभर चालू ठेवलेल्या नोंदणीतून मिळाला. शिखर मूल्य अखंड ११ च्या आसपास होते, पण सरासरी संध्याकाळी काही वेळ ०.१५ वरून ०.४५ वर चढत होती आणि नंतर खाली येत होती. शिखर तेच राहून सरासरी वाढते, याचा अर्थ स्पंदांची उंची तीच राहून लांबी वाढते. कॉर्डलेस फोनवर बोलणे सुरू झाल्यावर नेमके हेच घडते. शेजारी कोण किती वेळ बोलतात हे आपल्याला या मार्गाने कळू शकते, ही बाब थोडी अवघडवणारी आहे, आणि अशा नोंदी जपून वापरायला हव्यात असे मला वाटते; शेजाऱ्यांकडे जाताना हा आलेख आम्ही सोबत नेला नाही.

शेजारच्या सदनिकेत एक वृद्ध बाई राहतात. त्यांच्या खोलीत सामाईक भिंतीला लागून असलेल्या छोट्या टेबलावर कॉर्डलेस फोनचे बेस होते. घडलेली सर्व हकीकत सांगितल्यावर त्यांनी स्वतःच अडॅप्टर काढून पाहायला सांगितले. तो काढताच पलीकडे उशाजवळचे शिखर मूल्य ११ वरून ०.५ वर आले. पुन्हा जोडल्यावर पूर्ववत झाले. हे काही वेळा करून पाहिले. उगम निश्चित करण्यासाठी याहून मोठा पुरावा लागत नाही आणि याहून कमी पुराव्यावर कोणाला दोष देऊही नये.

ज्याकडे कोणी पाहिले नव्हते

शयनकक्षाचा उलगडा झाल्यावर उरलेले घर मोजले. सर्वाधिक मूल्य मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर मिळाले: शिखर सुमारे ३०. राउटर टेबलाच्या वरच्या फळीवर, मुलीच्या डोक्यापासून अर्ध्या मीटरवर होता. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १०० मिलिवॉट प्रभावी शक्तीच्या उगमासाठी अर्ध्या मीटरवर हिशेबाने ३२ येतात, तेव्हा यात आश्चर्य काहीच नव्हते. शेजारी असलेला प्रिंटर वायफाय डायरेक्टचे स्वतःचे जाळे सतत घोषित करत होता, आणि त्याची कोणाला गरज नव्हती. ज्या मनोऱ्यासाठी भिंती रंगवायची तयारी होती, त्याचा उशाजवळचा वाटा वर्णपट विश्लेषकावर वेगळा काढल्यास सरासरी ०.०५ होता. खिडकी मनोऱ्यावरील दोन पॅनेलांच्या मधल्या दिशेत येत असल्याने मुख्य झोत तिच्यावर पडत नव्हता.

फोनच्या बाबतीत मीटर फारसा उपयोगी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. उगमाच्या अगदी निकट, तरंगलांबीच्या साधारण एक-षष्ठांश अंतराच्या आत, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नेहमीचे नाते टिकत नाही आणि शक्ती घनतेचा आकडा अर्थहीन होतो. म्हणूनच शरीराला लागून वापरायच्या उपकरणांसाठी ऊतींमध्ये शोषल्या जाणाऱ्या शक्तीचे वेगळे मोजमाप असते. एवढे मात्र निश्चित, की संकेत क्षीण असलेल्या खोलीत फोन आपली शक्ती वाढवतो, आणि ४जी फोन ती २०० मिलिवॉटपर्यंत नेऊ शकतो. पती-पत्नींचे फोन रात्री उशाशी, मोबाइल डेटा चालू ठेवून, चार्जिंगला लावलेले असत.

रोधक पडद्याचा एक नमुना विक्रेत्याकडून आलेला होता. तो खिडकीवर टांगून पाहिला, तेव्हा शेजारचे बेस पूर्ववत चालू होते. खिडकीतले मनोऱ्याचे मूल्य ०.४ वरून ०.०१ च्या खाली गेले, म्हणजे पडदा आपले काम चोख करत होता. उशाजवळचे शिखर मूल्य मात्र तसूभरही घटले नाही. उलट खोलीत काही जागी ते १३ झाले, कारण भिंतीतून येणाऱ्या ज्या लहरी आधी काचेतून बाहेर पडत होत्या, त्या आता पडद्यावरून परत फिरत होत्या. आतला उगम शोधल्याशिवाय खोली रोधक आवरणात गुंडाळण्याचा हा तोटा आहे. शिवाय अशा खोलीत फोन चालू ठेवला, तर मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी तो अधिक जोर लावतो.

केलेले बदल

शेजारच्या बाईंनी बेस सामाईक भिंतीपासून हलवून आपल्या दिवाणखान्याच्या दाराजवळ ठेवले. सुमारे पाच मीटर अंतर आणि आणखी एक भिंत मध्ये आल्यावर त्याचा उशाजवळचा वाटा ०.३ च्याही खाली गेला आणि मनोऱ्याच्या शिखर मूल्यात तो जवळजवळ हरवला. त्यांच्या फोनमध्ये शक्ती कमी करणारी इको सुविधा होती, पण ती हँडसेट आणि बेस यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते आणि बाईंना फोन घरभर घेऊन फिरण्याची सवय आहे. त्यांना फोन कधीही लागू शकतो, तो आडवेळी बंद पडणे त्यांच्या दृष्टीने अधिक धोक्याचे होते, म्हणून त्या सेटिंगला हात लावला नाही.

राउटर मार्गिकेत उंचावर, टेबलापासून तीन मीटरांवर नेला आणि त्याची प्रसारण शक्ती पंचवीस टक्क्यांवर आणली. घराच्या आकारमानाला ती पुरली. टेबलावरचे शिखर मूल्य ३० वरून ०.२ च्या आसपास आले. प्रिंटरचे वायफाय डायरेक्ट बंद केले. रात्री राउटर आपोआप बंद व्हावा अशी पत्नींची सूचना होती. ती मान्य करताना एक अट घातली: फोनही त्याच वेळी फ्लाइट मोडवर गेले पाहिजेत. नाहीतर वायफाय बंद झाल्यावर ते मोबाइल जाळ्यावरून डेटा घेऊ लागतील आणि उशाजवळचा सर्वांत निकटचा उगम अधिक सक्रिय होईल. रंग आणि पडदा यांची मागणी कुटुंबाने रद्द केली.

अपायाच्या प्रश्नावर अहवालात जे लिहिले ते असे: बदलांपूर्वीची उशाजवळची सरासरी ०.१५ ही इक्‌निर्पच्या संदर्भ पातळीच्या साठ हजाराव्या हिश्श्याच्या आसपास होती आणि शिखर मूल्यही त्या पातळीच्या आठशेव्या हिश्श्याहून कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ वारंवारतेच्या क्षेत्रांना ‘२ब’, म्हणजे मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या, गटात ठेवले. हा गट पुराव्याच्या बळाबद्दल बोलतो, घरातल्या एखाद्या आकड्याच्या धोक्याबद्दल नाही. झोप, डोकेदुखी यांसारख्या तक्रारींबद्दल त्याच संघटनेने २००५ मध्ये मांडलेली भूमिका अशी, की तक्रारी खऱ्या असतात, पण त्यांचा विद्युतचुंबकीय क्षेत्राशी कार्यकारण संबंध दाखवणारा पुरावा नाही. पत्नींनी झोपेसाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा असे सुचवले आणि तो घेताना मोजणीच्या अहवालाची वाट पाहू नये असेही सांगितले. बदलांनंतर झोप सुधारली की नाही, हे या अहवालात जाणूनबुजून नोंदवलेले नाही. बेस हलवल्याचे त्यांना माहीत होते, आणि माहीत असताना आलेला अनुभव, तो कोणत्याही बाजूचा असो, मोजणीचा पुरावा म्हणून धरता येत नाही.

कुटुंबाला दिलेल्या नोंदवहीत प्रत्येक आकड्यासमोर वेळ, बिंदू, मीटरची स्थिती शिखर की सरासरी, फोन कोठे होते, खिडकी उघडी की बंद, आणि मनोऱ्यावर त्या दिवशी किती पॅनेले दिसत होती हे लिहिलेले आहे. मनोऱ्यावर नव्या ५जी पॅनेलांचे काम सुरू झाल्याचे आम्ही पाहिले होते. ती पॅनेले ग्राहकाच्या दिशेने झोत वळवतात आणि त्यांची सरासरी वापरानुसार बदलते, त्यामुळे ती सुरू झाल्यावर खिडकीत पुन्हा मोजताना दुपार आणि संध्याकाळ अशा दोन्ही वेळांच्या, किमान अर्ध्या तासाच्या सरासरी घ्याव्यात, अशी सूचना वहीच्या शेवटच्या पानावर जोडली.